रिंगणाचं रेकॉर्डिंग ऑपसमध्ये बसवताना एका आकड्याने माझे तीन दिवस खाल्ले

अजून डोकं गरम आहे म्हणून लगेच लिहून ठेवतोय. कोणी चार चॅनलचं स्पेशिअल ऑडिओ, म्हणजे आवाज कुठल्या दिशेने आला हेही ऐकवणारं रेकॉर्डिंग, ओपन फॉरमॅटमध्ये एन्कोड करत असेल तर त्याचे तरी तीन दिवस वाचावेत.

आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीबरोबर काकांच्या दिंडीत होतो. बेलवाडीच्या गोल रिंगणात आम्ही आतल्या बाजूला बसलो होतो आणि चार कॅप्सूलचा (म्हणजे एकात चार माईक असलेला) माईक दांड्याला लावून मी तो डोक्याच्या उंचीवर धरला होता. आधी पताकावाले धावले, मग तुळशीवाल्या बाया, विणेकरी आणि शेवटी अश्व. अश्व आपल्याभोवती पूर्ण फेरी मारतो, टापा समोरून डावीकडे, डावीकडून पाठीमागे, मग उजवीकडे. असा आवाज साध्या स्टिरिओत मावतच नाही, म्हणून तर एवढा खटाटोप.

रेकॉर्डिंग झकास झालं. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, चार चॅनल, म्हणजे मिनिटाला साधारण 35 एमबी, 40 मिनिटांची वेव्ह फाइल जवळपास 1.4 जीबी. दिंडीतल्या लोकांना मोबाईलवर पाठवायची तर ऑपस हा आवाज दाबून फाइल लहान करणारा फॉरमॅटच बरा. 2012 पासूनचं खुलं स्टँडर्ड, कोणाला रॉयल्टी नाही, आणि 2018 मध्ये त्यात अँबिसॉनिक्सची, म्हणजे चहूबाजूंचा आवाज दिशेसकट साठवायच्या पद्धतीची, रीतसर सोय झाली. 256 केबीपीएसला तेच 40 मिनिटं 77 एमबीच्या आसपास बसतात. कन्व्हर्टरमध्ये टाकलं, दोन मिनिटांत फाइल तयार, चॅनल चार दाखवतोय, एरर नाही, वॉर्निंग नाही. पाठवून दिली.

रात्री काकांचा फोन. "अरे, टाळ सगळे डाव्याच कानात वाजतायत, आणि घोडा पाठीमागून गेलाच नाही बघ." काका पंचवीस वर्षं वारी करतायत, घोडा कुठून गेला ते त्यांना विचारायची गरज नाही. मी हेडफोन लावला आणि खरंच, डाव्या कानात सगळा जमाव, उजव्या कानात पोकळ काहीतरी.

इथून पुढे तीन दिवस गेले.

पहिला संशय चॅनलच्या क्रमावर. अँबिसॉनिक्समध्ये चार चॅनल म्हणजे चार स्पीकर नाहीत हे आधी डोक्यात पक्कं बसवा. डब्ल्यू म्हणजे चहूकडचा आवाज, वाय डावं-उजवं, झेड वर-खाली, एक्स पुढे-मागे. नव्या पद्धतीत, म्हणजे अँबिक्समध्ये, क्रम डब्ल्यू-वाय-झेड-एक्स असतो. जुन्या फूमा पद्धतीत डब्ल्यू-एक्स-वाय-झेड, आणि वर डब्ल्यू 3 डेसिबलने कमी. मला वाटलं माझा रेकॉर्डर फूमात राहिला असणार, म्हणून क्रम बदलून पुन्हा एन्कोड केलं, तर रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये समोरचा घोडा चक्क डोक्यावरून जायला लागला. म्हणजे मूळ वेव्ह बरोबरच होती, मीच बिघडवली. त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी बिटरेट दुप्पट केला, प्लेअर बदलले, हेडफोन बदलले. काही फरक नाही. मूळ वेव्ह आयईएमच्या फुकट बायनॉरल डिकोडरमधून (तो दिशा हेडफोनच्या दोन कानांत उतरवतो) ऐकली की घोडा छान गोल फिरतो, ऑपसमध्ये गेला की गेला.

तिसऱ्या दिवशी वैतागून ऑपस फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. ओळीला सोळा बाइट धरले तर तिसरी ओळ "हेड" या अक्षरांनी सुरू होते, मग 01, मग 04 म्हणजे चार चॅनल, आणि ओळीतले शेवटचे दोन बाइट 01 02. त्यातला 01 म्हणजे मॅपिंग फॅमिली, कुठला चॅनल कशाचा ते सांगणारा आकडा. तिथेच सगळं होतं! फॅमिली 1 म्हणजे सराउंड स्पीकर, आणि त्यात चार चॅनल म्हणजे पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. कन्व्हर्टरने न विचारता माझा डब्ल्यू डाव्या स्पीकरचा ठरवला आणि वाय उजव्याचा, म्हणून जमाव डाव्या कानात. पुढचा 02 म्हणजे चार चॅनलच्या दोन स्टिरिओ जोड्या केल्या. डब्ल्यू-वायची एक, झेड-एक्सची एक. एन्कोडर अशा जोडीत डाव्या-उजव्यातलं सारखेपण शोधून जागा वाचवतो, आणि अँबिसॉनिक्समध्ये तर दिशेची सगळी माहिती चॅनलच्या आपापसातल्या नात्यात असते.

मॅपिंग फॅमिली हाताने 2 दिली. पुन्हा एन्कोड, पुन्हा हेक्स, शेवटचे बाइट 02 04, म्हणजे चारही चॅनल सुटे. घोडा फिरला! रात्री साडेबाराला मी एकटाच "माऊली" म्हणून ओरडलो, बायको उठून बाहेर आली.

मॅपिंग फॅमिलीचा आकडा परस्पर डिफॉल्टवर ठेवायचा आणि तसं सांगणारी एक ओळसुद्धा दाखवायची नाही, ही सॉफ्टवेअरची रीत मला अजूनही पटलेली नाही. चार चॅनल आले की निदान विचारा तरी.

ऑपसएन्क हा ऑपस बनवायचा प्रोग्रॅम वापरत असाल तर चॅनल्सच्या पर्यायात अँबिक्स लिहा. हेडरात, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या त्या बाइटांत, 2 ऐवजी 3 दिसला तर घाबरू नका, तीही अँबिसॉनिक्सचीच फॅमिली आहे, फक्त मिसळायची रीत वेगळी. आणि ऐकणाऱ्याचा प्लेअर ही फॅमिली ओळखतो का ते आधी बघा. काकांच्या मोबाईलवरचा ओळखत नव्हता, त्यांना मी शेवटी बायनॉरल करून साधी स्टिरिओ फाइल वेगळी दिली, ती त्यांनी सगळ्या दिंडीला पाठवली.

हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं: रेकॉर्डिंग सुरू झालं की समोर, डावीकडे, मागे, उजवीकडे, वर अशी एकेक टाळी वाजवा आणि तोंडाने दिशा बोला. माझ्याकडे त्या टाळ्या असत्या तर फूमाची संध्याकाळ वाचली असती. काटेवाडीला मेंढ्यांच्या रिंगणात गर्दीमुळे ते राहून गेलं, बेलवाडीतही तेच. लांब रेकॉर्डिंगला वेव्हची 4 जीबीची हद्दही लक्षात ठेवा, या सेटिंगवर दोन तासांच्या जरा पुढे ती लागते.

मूळ वेव्ह मी फ्लॅक फॉरमॅटमध्ये ठेवली, त्यात एक बिटही हरवत नाही. पण फ्लॅकसुद्धा चार चॅनलना चार स्पीकरच समजतो, म्हणून फाइलच्या नावातच लिहिलंय: बेलवाडी, गोल रिंगण, अँबिक्स, डब्ल्यू-वाय-झेड-एक्स.