रामबागेत ट्राउट

शेजारचे काका नोकरीनिमित्त बरीच वर्षं हिमाचलात होते. आज सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या मैदानावर त्यांनी आम्हाला फ्लाय फिशिंगची, म्हणजे नकली माशी लावून मासे पकडायची, फेक शिकवली. गळाऐवजी लोकरीचा झुपका. फिरायला आलेले एक आजोबा थांबून म्हणाले, "भिया, मांझा सूत रहे हो क्या?"

पिसं-दोऱ्याच्या माशीला वजनच नसतं. फेकायची ती जाड दोरी. ती मागे पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढे आणायची नाही. "अगं, थांब की जरा!" हे काकांचं पालुपद.

गंमत म्हणजे हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या बाजूच्या लहान ओढ्यांवर ही डौलदार फेक फारशी कामाची नाही. पाठीमागे झाडं. तिथे सहा-सात फुटी रॉड वाकवायचा, माशी चिमटीत धरून ताणायची आणि बाण सोडावा तशी सोडायची. ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण खालून वर, त्याच्या शेपटीकडून जायचं. मला हेच जास्त आवडलं.

ब्राऊन ट्राउट मूळचा युरोपचा, इंग्रजांनी आणलेला. पाणी वीस अंशांच्या वर तापलं की त्याचा जीव कासावीस होतो, म्हणजे इंदूरचा उन्हाळा बादच. पकडून सोडूनच द्यायचा, हे मात्र आमच्या घरच्या सारस्वताला अजिबात पटलेलं नाही.