आमची वाटचाल : माडाच्या सुरेपासून तांदळाच्या व्हिनेगरपर्यंत

आमचं काम सुरू झालं ते माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर. रेंदेर, म्हणजे माडावर चढून सूर काढणारा, सकाळी ती उतरवतो, ती गाळून भरणीत ठेवायची, तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं आणि वाट बघायची. सुरेत साखर आधीपासूनच असते. हवेतलं आणि भांड्यातलं यीस्ट तिचं अल्कोहोल करतं, मग अ‍ॅसेटिक जिवाणू त्याचं आम्ल करतात. तांदळाकडे वळलो तेव्हा पहिली अडचण इथेच आली. तांदळात साखर नसते, पिठूळ स्टार्च असतो आणि यीस्टला तो खाता येत नाही. त्याची आधी साखर करावी लागते. जपानी पद्धतीत हे काम कोजी करते, म्हणजे वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी.

कोजीसाठी आम्ही घरचा लाल उकडा वापरून पाहिला आणि सोडून दिला. त्याच्या दाण्यावर कोंडा राहतो, बुरशीचे तंतू आत शिरत नाहीत आणि साखर कमी होते. आता पॉलिश केलेला सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ घेतो. तो आठ ते दहा तास भिजवतो, तासभर निथळतो आणि पाऊण तास वाफेवर ठेवतो. शिजवायचा मात्र नाही. दाणा बाहेरून कोरडा आणि आतून मऊ हवा. भातासारखा चिकट झाला तर गोळे होतात, मधे हवा पोचत नाही. 35 अंशांवर आला की बुरशीचं बीज भुरभुरवतो आणि 30 ते 35 अंशांत साधारण 48 तास ठेवतो. वीस तासांनंतर दाणे स्वतःच तापू लागतात, तेव्हा हाताने मोकळे करून पातळ पसरावे लागतात. 40 च्या वर जाऊ दिलं तर दाणा बुळबुळीत होतो, अमोनियासारखा वास येतो. ती कोजी फेकायचीच. गोव्याच्या पावसाळ्यात दुसरा धोका असतो तो काळ्या बुरशीचा. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही कोजी करत नाही, आधीची वाळवलेली वापरतो.

मग आंबवण. 10 किलो तांदळाला 3 किलोची कोजी, 7 किलो वाफवलेला, 15 लिटर पाणी आणि यीस्ट. दोन ते तीन आठवड्यांत अल्कोहोल 12 टक्क्यांच्या आसपास येतं. एवढ्या तीव्रतेत अ‍ॅसेटिक जिवाणू नीट वाढत नाहीत. म्हणून गाळलेल्या 10 लिटरला 7 लिटर पाणी आणि 8 लिटर जुनं, न तापवलेलं व्हिनेगर घालतो. त्यामुळे अल्कोहोल 5 टक्क्यांच्या जवळ येतं. सुरुवातीची आम्लता दीड टक्का झाली की नको ते जिवाणूही दूर राहतात. भांडं रुंद तोंडाचं हवं, कारण या जिवाणूंना हवा लागते. वर गुळगुळीत, अर्धपारदर्शक साय धरली तर काम नीट चाललं आहे. पांढरी, कोरडी, सुरकुतलेली साय दिसली तर ते हवेतलं रानटी यीस्ट. आम्लता कमी पडली असं समजून जुनं व्हिनेगर वाढवायचं.

थांबायचं कधी, हे चवीवर सोडू नये. 1 मिलीलिटर नमुना, फेनॉल्फ्थॅलिन या रंगसूचकाचे दोन थेंब आणि 0.1 नॉर्मल तीव्रतेचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण. फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिलीलिटर लागले, त्याला 0.6 ने गुणलं की आम्लतेचा टक्का मिळतो. साडेसात मिलीलिटर लागले तर साडेचार टक्के. अल्कोहोल पूर्ण संपू दिलं तर तेच जिवाणू आम्लही खाऊ लागतात आणि आकडा खाली येतो. म्हणून थोडं अल्कोहोल शिल्लक असतानाच गाळून 65 अंशांवर तापवतो. भारतीय नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान 3.75 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लागतं. अ‍ॅसेटिक आम्लात पाणी घालून केलेल्या मालावर सिंथेटिक असं लिहिणं बंधनकारक आहे. बाटली घेताना आधी तेवढं वाचा.

आता प्रकार. जपानचं साधं तांदळाचं व्हिनेगर, कोमेझू, फिकट आणि सौम्य, आम्लता साधारण सव्वाचार ते साडेचार टक्के. आम्ही करतो ते याच घराण्यातलं. कुरोझू गडद असतं. कागोशिमाच्या फुकुयामा भागात ते उघड्यावर मांडलेल्या मातीच्या बरण्यांत होतं. साखर, अल्कोहोल, आम्ल हे तिन्ही टप्पे एकाच बरणीत, वर कोरड्या कोजीचा थर तरंगत ठेवून. सुरेची भरणी पाहिलेल्या माणसाला ही पद्धत जवळची वाटावी. चीनमधलं झेनजियांगचं काळं व्हिनेगर चिकट तांदळाचं. त्यात गव्हाचा कोंडा आणि तांदळाचं तूस मिसळून तो ढीग रोज उलटतात, नंतर महिनोन्‌महिने मुरवतात. शान्शीचं काळं व्हिनेगर मात्र मुख्यतः ज्वारीचं. रंगावरून दोन्ही एक समजू नका.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो सुशीसाठीच्या ‘सीझन्ड’ तांदूळ व्हिनेगरचा. त्यात साखर आणि मीठ आधीच असतं. हे रेशाद मसाल्यात, म्हणजे मासळीला लावायच्या गोव्याच्या लाल वाटणात, घातलं तर तव्यावर बांगडा शिजायच्या आत मसाला काळा पडतो, कारण साखर जळते. साधंच घ्या आणि चव स्वतः बांधा. 450 ग्रॅम तांदळाच्या सुशी भाताला 60 मिलीलिटर व्हिनेगर, 2 मोठे चमचे साखर, दीड छोटा चमचा मीठ. विरघळण्यापुरतं कोमट करा, उकळू नका, वास उडतो. भात गरम असतानाच पळीने कापल्यासारखा मिसळा.

आमचं ठाम मत असं की बलचांव (कोळंबीचं तिखट-आंबट लोणचं), विंदालू आणि महिनाभर ठेवायचा रेशाद मसाला यांत माडाचंच व्हिनेगर घालावं. त्या मसाल्यांना त्याचा कडकपणा पेलतो, तांदळाचं तिथे हरवतं. टिकवायच्या लोणच्यांच्या पाककृती बहुधा 5 टक्के आम्लता धरून लिहिलेल्या असतात, सव्वाचार टक्क्यांचं घालून त्या बरण्या बाहेर ठेवू नका. रोजच्या स्वयंपाकात मात्र 5 टक्क्यांच्या 30 मिलीलिटरऐवजी सव्वाचारचं 35 घेतलं की भागतं.

तांदळाचं व्हिनेगर खुलतं ते न शिजवलेल्या किंवा शेवटी आंबट करायच्या पदार्थांत. तवशाच्या (काकडीच्या) किंवा मुळ्याच्या चकत्यांना मीठ चोळून दहा मिनिटांनी पिळा. मग 100 मिलीलिटर व्हिनेगर, 50 पाणी, 2 मोठे चमचे साखर घाला. अर्ध्या तासात तयार, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगलं. सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) किसमुरीत, म्हणजे खोबरं घातलेल्या कोशिंबिरीत, चिंचेऐवजी एक चमचा घालून पाहा, पण वाढायच्या आधीच, नाहीतर सुंगटं मऊ पडतात. इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्यांना पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त लावून ठेवू नका, मांस पांढरं आणि भुसभुशीत होतं. सॅलडला तेल तिप्पट नको, दुप्पट पुरतं. काळं व्हिनेगर आल्याच्या बारीक कापांबरोबर मोमोला, किंवा हॉट अँड सावर सूपमध्ये गॅस बंद केल्यावर.

अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याची भांडी यापासून दूर ठेवा. काच, चिनीमाती किंवा स्टील चालतं. न तापवलेल्या बाटलीत काही महिन्यांनी तळाशी जेलीसारखा पडदा दिसला तर घाबरू नका. तो जिवाणूंचा थर आहे. गाळून व्हिनेगर वापरा. हवं तर पडदा अल्कोहोल असलेल्या पुढच्या घाण्यात टाका.