कॅम्पर व्हॅनवर जुनी-नवी सोलर पॅनल एकत्र लावताना आलेला अनुभव

आधी मुद्द्याचं सांगतो. गाडीवर आधीच पॅनल असतील आणि त्यात वेगळं पॅनल घालायचं असेल तर वॅट बघून जोडणी करू देऊ नका, पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघा. आणि दुकानदार "एमपीपीटी सगळं सांभाळून घेतो" म्हणाला की तिथेच थांबवा त्याला (एमपीपीटी म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंग कंट्रोलर, जो पॅनलचे जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून बॅटरीला देतो). हे मी रागातच लिहितोय कारण या एका वाक्यापायी आमचा हिवाळ्याचा अख्खा सीझन गेला.

गाडी फोर्स ट्रॅव्हलर, आतून कॅम्पर करून घेतलेली. आरटीओचं वगैरे सगळं नीट झालंय, ते इथे लिहीत नाही. छतावर १६५ वॅटची, १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीची दोन पॅनल, आत २०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी आणि ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर. मी आणि बायको दोघंच जायचो तोवर हे भरपूर होतं. मग आई-बाबा यायला लागले, बाबांना रात्री झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं) लागतं, फ्रीज चोवीस तास, पंखे दोन, त्यामुळे दोन दिवस एका जागी थांबलो की बॅटरी खाली यायची. मेव्हण्यांनी त्यांच्या बंगल्यावरचं सोलर बदललं तेव्हा ३३५ वॅटचं एक पॅनल "घेऊन जा" म्हणाले. चांगलं होतं, तडा नाही काही नाही. छतावर मागच्या बाजूला जागाही होती.

आता स्टिकर. जुन्यांवर व्हीएमपी (पूर्ण ताकदीने चालतानाचे व्होल्ट) १८.३ व्होल्ट, आयएमपी (तेव्हाचे अँपिअर) ९ अँपिअर. नव्यावर, म्हणजे मेव्हण्यांच्या पॅनलवर, व्हीएमपी ३८ व्होल्ट, आयएमपी ८.८. म्हणजे अँपिअर जवळपास सारखे पण व्होल्ट दुप्पट. मी पुण्यातल्या ज्या दुकानात फिटिंगला गाडी दिली तिथे पहिल्याच दिवशी विचारलं होतं की व्होल्ट एवढे वेगळे आहेत तर चालेल का. मालक म्हणाले, "सर, वॅट शेवटी वॅटच असतो, १६५ दुणे ३३० आणि ३३५, झाले ६६५. पॅरलल मारून देतो, एमपीपीटी सगळं सांभाळून घेतो." आणि तिन्ही पॅनल वाय कनेक्टरने पॅरलल करून त्याच एका कंट्रोलरला जोडून दिली.

पॅरलल केलं, म्हणजे सगळ्यांचे प्लस एकत्र आणि मायनस एकत्र जोडले, की सगळ्या पॅनलचे व्होल्ट एकच होतात. तीनपैकी दोन पॅनल १८ च्या आसपास चालणारी, त्यामुळे ते ३८ व्होल्टवालंही १८ वरच येऊन बसतं. अँपिअर त्याचे तेच राहतात, नऊच्या आसपास. १८ गुणिले ९, म्हणजे ३३५ वॅटच्या पॅनलमधून १६० वॅट. अर्ध्याहून जास्त पॅनल छतावर नुसतं वजन म्हणून, आणि वजन थोडंथोडकं नाही, बावीस किलोच्या आसपास असतं हे एक पॅनल.

घरी आणल्यावर कंट्रोलरच्या ॲपमध्ये पॅनलचे व्होल्ट १६-१७ च्या पुढे जाईनात. फोन केला. "सर ढग असतील." ढग नव्हते. "बॅटरी फुल असेल." आता करंट कमी असण्याला हे कारण असू शकतं, बॅटरी भरत आली की कंट्रोलर आपोआप करंट कमी करतो, म्हणून मी बॅटरी वापरून खाली आणली आणि परत बघितलं, तेच. "पॅनल जुनं आहे ना तुमचं." मग, "गाडी घेऊन या, कंपनीचा इंजिनिअर येईल, तो बघेल."

सगळ्यात जास्त वेळ गेला तो या इंजिनिअरपायी. गाडी दुकानाच्या मागच्या शेडमध्ये लावायला सांगितली, शेडमध्ये, म्हणजे ऊनच नाही, मग तो तपासणार काय होता देव जाणे. आज येईल, उद्या येईल, नाशिकला गेलाय, सोमवारी नक्की. दरवेळी सुट्टी टाकायची, गाडी नेऊन लावायची, संध्याकाळी परत आणायची. मी म्हणत होतो की इंजिनिअर नको, माझं नवीन पॅनल वेगळं काढा आणि त्याला दुसरा कंट्रोलर लावा, पैसे मी देतो. तर म्हणे दोन कंट्रोलर एका बॅटरीवर लावले की ते एकमेकांशी भांडतात आणि बॅटरीची वॉरंटी जाते. हे साफ चूक आहे. दोन्ही कंट्रोलर बॅटरीचे व्होल्ट बघून आपापलं चार्जिंग करतात, बॅटरी रिकामी असताना दोघंही पूर्ण ताकदीने देतात, भरत आली की एखादा थोडा आधी मागे सरतो, बस. फक्त दोन्हींची सेटिंग सारखी ठेवायची, आमच्याकडे दोन्ही १४.२ व्होल्टवर आहेत, आणि दोन्हींच्या वायर बॅटरीला एकाच ठिकाणी आणायच्या.

मध्ये एकदा मालकांनी दुसरा तोडगा काढला, "मग सगळी सिरीज करून टाकू." सिरीजला, म्हणजे एकामागे एक जोडताना, अँपिअर जुळावे लागतात, ते जुळत होते हे खरं, पण सिरीजमध्ये व्होल्ट मिळवले जातात. ओपन सर्किट व्होल्ट (पॅनलला काहीच जोडलेलं नसतानाचे) जुन्यांचे साडेबावीस-साडेबावीस, नव्याचे ४६, एकूण ९१. कंट्रोलरची मर्यादा १००. पुण्यात हे चालून गेलं असतं. पण पॅनल जितकं गार तितके व्होल्ट चढतात, दर डिग्रीला साधारण ०.३ टक्के, आणि स्टिकरवरचा आकडा २५ डिग्रीचा असतो. स्पितीत उणे दहाच्या सकाळी पहिलं ऊन पडलं की हेच ९१ शंभराच्या पुढे जातात आणि कंट्रोलर खलास. आम्ही गाडी केलीच आहे तिकडे जायला. मी स्पष्ट नाही म्हणालो.

शेवटी काय केलं ते नीट सांगतो, कारण कुणाला अशीच वेळ आली तर उपयोगी पडेल. तापकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रिकल बाजारातून, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणला. घेताना बघून घ्या, स्वस्तातले बरेच मीटर फक्त एसी करंट मोजतात. आदल्या रात्री फ्रीज, पंखे सगळं चालू ठेवलं, सकाळी इन्व्हर्टरवर इंडक्शन लावून पोहे, चहा, अंघोळीचं पाणी, बॅटरी अर्ध्यावर आणली. दुपारी बाराला गाडी शेडमध्ये न नेता दुकानाच्या समोर रस्त्यावर उन्हात लावली आणि मालकांना बाहेर बोलावलं. पॅनलवर जाड चादर टाकूनच एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरचे) सोडायचे, चालू करंटवर कधीही ओढू नका, डीसीची ठिणगी वाईट. आधी फक्त जुनी दोन ठेवली, बॅटरीकडे जाणाऱ्या वायरवर १८ अँपिअर. मग फक्त नवीन, १८ अँपिअर (पॅनलचे नऊच, पण कंट्रोलर व्होल्ट उतरवून बॅटरीकडे जास्त अँपिअर देतो). मग तिन्ही, त्यांनीच जोडलेली होती तशी. २७.

मी म्हणालो, १८ आणि १८ छत्तीस होतात, नऊ अँपिअर कुठे गेले? कंट्रोलर ३० चा आहे, म्हणजे तो अडवतोय असंही नाही. मालक मीटरकडे बघत राहिले. त्यांच्याकडचा फिटिंगवाला मुलगा छतावर होता, तो वरूनच म्हणाला, "दादा, मी तेव्हाच बोललो होतो, याला वेगळाच कंट्रोलर पाहिजे." त्या पोराला कामाची खरी समज आहे. त्यानंतर इंजिनिअरचा विषय कुणी काढला नाही. दुसरा ३० अँपिअरचा एमपीपीटी मी आणून दिला आणि त्याच मुलाने दुपारभरात सगळं करून दिलं, मजुरी घेतली नाही. मी बिलावर "दोन स्वतंत्र कंट्रोलर" असं लिहून मागितलं आणि घेतलं.

आता उन्हात पस्तीस-छत्तीस अँपिअर दिसतात आणि ते बघायला खरंच छान वाटतं. बाबांचं मशीन रात्रभर चालून सकाळी बॅटरी सत्तर टक्क्यांच्या वर असते.

दुसरा एक मार्ग होता तोही सांगून ठेवतो. जुनी दोन आपसात सिरीज केली की साडेछत्तीस व्होल्ट होतात, नव्याच्या ३८ च्या अगदी जवळ, मग ती जोडी नव्याशी पॅरलल चालते. पण तेवढ्याला ५० अँपिअरचा कंट्रोलर हवा आणि जोडीतल्या एकावर एसीच्या डब्याची सावली पडली की ती जोडीच्या जोडी बाद. आमच्या छतावर दुपारनंतर सावली येतेच, म्हणून वेगळं केलं.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर (जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये न बदलणारा साधा कंट्रोलर) असेल तर घरावरचं मोठं पॅनल १२ व्होल्टच्या बॅटरीला लावूच नका, अर्ध्याहून जास्त वाया जातं.

पॅनल छतावर बसवायच्या आधी मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, नंतर तो दिसत नाही. खाली तीन-चार सेंटीमीटर हवा खेळायला जागा सोडा, तापलं की व्होल्ट पडतात. कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, काढताना आधी पॅनल. आणि प्रत्येक कंट्रोलर आणि बॅटरीच्या मध्ये वेगळा फ्यूज, बॅटरीच्या जवळ, ३० च्या कंट्रोलरला आम्ही ४० चा टाकलाय आणि वायर त्याला झेपेल अशी १० स्क्वेअर एमएमची.