सेवाग्राम ते गडचिरोली: निधीफेरीसाठी सायकल तयार करताना

आमच्या तालुक्यातील ज्या मुली पाच-सहा किलोमीटर पायी चालत शाळेत येतात, त्यांना सायकली घेऊन देण्यासाठी निधी जमवावा, या हेतूने आम्ही सात जणांनी जानेवारीत सेवाग्राम ते गडचिरोली हा सुमारे २२० किलोमीटरचा प्रवास तीन दिवसांत केला. हिंगणघाट, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, मूल आणि सावली असा मार्ग होता. मुक्काम वरोऱ्याला आणि मूलला केले. पुढे या वाटेने जाणाऱ्यांनी सर्वांत आधी चाकांकडे लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आमच्यापैकी चौघांच्या सायकलींना ७०० मापाची, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची (हवा भरण्याच्या बारीक नळीची) चाके होती. गावातील पंक्चरच्या दुकानात २८ इंची टायर मिळतो, परंतु साध्या सायकलीचा तो टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमसाठी असतो आणि ७०० मापाची रिम ६२२ मिलिमीटरची असते, त्यामुळे तो आपल्या कामाचा नसतो. ट्यूब एकवेळ ओढूनताणून बसवता येईल, पण तिचा जाड व्हॉल्व्ह प्रेस्टासाठी पाडलेल्या साडेसहा मिलिमीटरच्या छिद्रातून जातच नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब, छोटा पंप आणि मोटारसायकलच्या हवेच्या नळीला जोडता येणारा पितळी अडॅप्टर जवळ ठेवलाच पाहिजे.

हिंगणघाट सोडल्यावर एका फाट्यावर माझे मागचे चाक अर्ध्या तासात दोनदा बसले. मी ट्यूबला ठिगळ लावले होते, टायरच्या आतून बोटही फिरवले होते, तरी काही हाती लागले नव्हते. तिथल्या पंक्चरवाल्या काकांनी रस्त्याच्या कडेला गाड्यांतून सांडलेला कापूस उचलला, त्याचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवला, आणि एका ठिकाणी त्याचे तंतू अडकून ताणले गेले. तिथे बाभळीच्या काट्याचे तांदळाच्या कणीएवढे टोक रबरात रुतून बसले होते. त्यांनी ते चिमट्याने ओढून काढले. पुढे गडचिरोलीपर्यंत ते चाक बसले नाही. तेव्हापासून पंक्चरच्या डबीत मी कापसाचा बोळा आणि चिमटा ठेवतो. विसाव्यासाठी सायकल कडेच्या गवतात आडवी टाकू नये, कारण सराटे (टायरमध्ये घुसणारी काटेरी फळे) तिथेच असतात.

दुसरी अडचण भद्रावतीच्या पुढे आली. एका सहकाऱ्याने कपडे, पाणी आणि पत्रकांचे गठ्ठे असे सगळे ओझे मागच्या कॅरिअरवर लादले होते, आणि फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या, चेन बसणाऱ्या दातेरी चक्राच्या) बाजूचा एक स्पोक तुटला. जादा स्पोक जवळ होते, पण फ्रीव्हील उतरवण्याचा पाना कोणाकडेच नव्हता, आणि त्याशिवाय त्या बाजूला स्पोक ओवता येत नाही. वाकडे फिरणारे चाक घासू नये म्हणून मागचा ब्रेक सैल करून, केवळ पुढच्या ब्रेकवर आणि अगदी हळू, त्याला चंद्रपूर गाठावे लागले. निघण्याच्या आठवडाभर आधी चाके सरळ करून घ्यावीत, पूर्ण सामान बांधून चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून पाहावे आणि पत्रकांसारखे जड सामान सोबतच्या गाडीत द्यावे.

याच पट्ट्यात कोळशाच्या ट्रकांची वर्दळ असल्यामुळे चेनवर काळी पूड बसते. तिच्यावरच तेल ओतले तर खरखरीत लगदा तयार होऊन चेन झिजते. त्यामुळे आधी कोरड्या फडक्याने चेन पुसावी, थेंबथेंब तेल सोडावे आणि वरचे तेल पुन्हा टिपून घ्यावे.

चंद्रपूर ते मूल हा रस्ता चिचपल्लीच्या परिसरात जंगलातून जातो आणि तिथे वाघांचा वावर आहे. दिवे कितीही चांगले असले तरी सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर या टप्प्यात सायकल चालवू नये. आमचा स्पोकमुळे वेळ गेला होता, त्यामुळे चंद्रपुरातून निघतानाच घड्याळ पाहून जेवणाचा थांबा रद्द केला आणि उजेड असतानाच मूल गाठले.

तिसऱ्या दिवशीचे अंतर कमी होते. व्याहाडजवळ वैनगंगेच्या पुलावर मात्र नदीवरचा वारा आडवा लागतो, तेव्हा हँडलला पिशव्या लटकवू नयेत. निधीचे पावती पुस्तक, पेन आणि सुट्टे पैसे एकाच प्लास्टिकच्या पिशवीत गटातील एकाच व्यक्तीकडे असावेत. वाटेत शेतातून उठून दहा रुपये देण्यासाठी रस्त्यावर आलेल्या आजीला पावतीसाठी ताटकळत ठेवणे बरे नव्हे.