गोसोंगचं तिकीट काढताय? आधी प्रांत बघा

उत्तर कोरियाची हद्द बघायला निघालेल्यांनी सोलमध्ये नुसतं ‘गोसोंग’ असं सांगून तिकीट मागू नये. ते तिकीट बहुधा दक्षिण ग्योंगसांग प्रांतातल्या, डायनासोरच्या पाऊलखुणांसाठी प्रसिद्ध असलेल्या गोसोंगचं निघतं. हद्दीजवळचं गोसोंग गांगवोन प्रांतात आहे. दोन्हींमध्ये सरळ रेषेतच सुमारे 375 किलोमीटर अंतर. तिसरं गोसोंग पलीकडे उत्तर कोरियात आहे. तिकडे बसच जात नाही, हे नशीब.

गोसोंग हे गाव नाही, तो ‘गुन’ आहे, म्हणजे ग्रामीण भागाचं प्रशासकीय एकक. गुनात मोठी गावं म्हणजे ‘ऊप’, खेड्यांचा समूह म्हणजे ‘म्योन’, आणि त्याखाली ‘री’. गांगवोनच्या बसच्या पाटीवर गुनाचं नाव नसतं, गावाचं असतं. म्हणून गांगवोनसाठी दोंग सोल स्थानकावर (मेट्रो लाइन 2, गांगब्योन) गानसोंग, गोजिन किंवा देजिनचं तिकीट मागा. पत्ता मोठ्याकडून लहानाकडे वाचायचा: प्रांत, गुन, म्योन, री. जून 2023 पासून गांगवोन ‘विशेष स्वशासित प्रांत’ झाला, त्यामुळे जुन्या-नव्या पत्त्यांत प्रांताचं नाव वेगळं दिसेल. घाबरू नका, जागा तीच.

खरी लूट सोक्चोत. गांगवोनच्या गोसोंगला लागून असलेलं सोक्चो ही ‘शी’, म्हणजे शहर. आपल्याकडे तालुक्याचं शहर तालुक्यातच असतं. इथे शी आणि गुन शेजारी-शेजारी, बरोबरीचे, दोघांच्या वर थेट प्रांत. ‘सोक्चो, उल्सानबावीचा देखावा’ (उल्सानबावी म्हणजे तिथला प्रसिद्ध खडकाळ सुळका) म्हणून विकली जाणारी कित्येक रिसॉर्टं प्रत्यक्षात गोसोंग-गुनच्या तोसोंग-म्योनमध्ये आहेत. शहराच्या बसस्थानकावरून टॅक्सी केली की शहराची हद्द ओलांडली जाते आणि हद्दीबाहेरचा अधिभार लागू शकतो (सोलच्या टॅक्सीला तो 20 टक्के आहे). बुकिंगच्या पानावर शहराचं नाव वाचून भुलू नका. पत्त्यात ‘गुन’ दिसला तर टॅक्सीत बसण्यापूर्वी एकूण भाडं विचारा. चालक बहुतेक वेळा फसवत नाही, फसवते ती जाहिरात.

सोक्चोहून 1 आणि 1-1 क्रमांकाच्या बस गानसोंग, गोजिनवरून देजिनकडे जातात. स्वस्त, पण थांबत-थांबत जाणाऱ्या. उत्तर कोरिया जिथून दिसतो त्या ‘एकीकरण’ निरीक्षण मनोऱ्यावर बसने पोहोचता येईल हा समज मात्र इथेच सोडा. आधी ह्योन्ने-म्योनमधल्या नोंदणी केंद्रात पासपोर्ट दाखवून नोंद करायची. पुढे चौकीपलीकडे पायी सोडत नाहीत, वाहनच लागतं. वाहन नसेल तर सोक्चोतून किंवा देजिनमधून टॅक्सी घ्या आणि थांबण्याचा वेळ धरून जाण्या-येण्याचं भाडं आधीच ठरवा. न ठरवता गेलात तर परतीला तुमच्या हातात काही नाही.

ह्वाजिन्फोचं तळं वाटेवरच आहे, सोपं आहे. नकाशासाठी नेव्हर मॅप हे कोरियन अ‍ॅप वापरा. आणि परतीची शेवटची बस उतरतानाच विचारून घ्या, गुनात ती शहरापेक्षा बरीच लवकर सुटते.