तुम्ही विचारलंत म्हणून: चढाच्या रस्त्यासाठी फोल्डिंग सायकल

सोलापुरातून पुण्याला नोकरीसाठी जाणारी मुलं-मुली हमखास विचारतात: रेल्वेतून नेता येईल, खोलीत कोपऱ्यात ठेवता येईल आणि कोथरूडहून चांदणी चौकाचा चढही चढेल, अशी फोल्डिंग सायकल कोणती घ्यावी? कंपनी नंतर बघा. आधी दाते मोजा, पुढच्या चेनव्हीलचे (पेडलजवळचं चक्र) आणि मागच्या फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरचा चक्रांचा संच) सगळ्यात मोठ्या चक्राचे.

दुकानाच्या पाटीवर '७ गिअर' लिहिलेलं असतं, त्यावरून चढाबद्दल काहीच कळत नाही. २० इंची चाक एका फेऱ्यात साधारण दीड मीटर पुढे जातं. दीडला पुढच्या दात्यांनी गुणा आणि मागच्या दात्यांनी भागा, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती सरकते ते निघतं. पुष्कळ फोल्डिंग सायकलींना पुढे ५२ आणि मागे १४ ते २८ दाते असतात. त्यांचा सगळ्यात हलका गिअर २.८ मीटरचा. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी १० किलोमीटर. माणूस, सायकल आणि बॅग मिळून ९० किलो धरले, तर आठ टक्के चढावर (शंभर मीटरला आठ मीटर चढ) त्या वेगाला सुमारे २२० वॉट इतका जोर लागतो. सराव नसलेल्या माणसाचा दम काही मिनिटांत संपतो. पुढे ४४ आणि मागे ३४ दाते असतील तर हाच आकडा १.९ मीटरवर येतो, वेग ताशी ७ आणि जोर दीडशे वॉटच्या आसपास. ऑफिसला घामाघूम न होता पोचायचं असेल तर दोन मीटरच्या आतला गिअर हवाच.

मोठ्या सायकलवर गिअर जड पडला की उभं राहून जोर लावता येतो. फोल्डिंगमध्ये हँडलचा उंच दांडा खाली एकाच बिजागरीवर उभा असतो, तो ओढला की डुलतो आणि बिजागरीची खीळ झिजते. त्यामुळे बसूनच चढता आलं पाहिजे. तीव्र चढावर पुढचं चाक हलकं होतं, म्हणून बॅग मागे कॅरिअरवर न बांधता पुढे लावलेली बरी.

आवडलेल्या सायकलला ५२ दातेच असतील तरी ती लगेच सोडू नका. १४-२८ चं फ्रीव्हील काढून १४-३४ चं बसवता येतं, मात्र मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ दाते पेलणारा आहे का ते आधी विचारा. फक्त फ्रीव्हील बदललं तर चेन दीड इंच आखूड पडते. तशीच ठेवली तर मोठ्या चक्रावर ती ताणली जाऊन डिरेलरचा हँगर (तो ज्यावर टांगलेला असतो ती पट्टी) वाकतो. सोबत चेनव्हीलही ४४ चं केलं तर चेनची लांबी जवळपास तीच राहते. स्वस्त सायकलींत चेनव्हील क्रँकला (पेडलच्या दांड्याला) रिव्हेटनं पक्कं असतं, तेव्हा अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो. ४४-१४ वर मिनिटाला ८० फेऱ्यांनी ताशी २२-२३ किलोमीटर मिळतात. शहरात एवढं पुष्कळ झालं.

हबच्या (मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आत गिअर असलेल्या सायकलींत शिमानो नेक्सस ७ या हबची व्याप्ती १४-३४ इतकीच, २४४ टक्के, म्हणजे सगळ्यात जड गिअर हलक्याच्या २.४४ पट. खाली लोंबणारा डिरेलर नसल्यानं घडी घालताना काही वाकत नाही, पण पंक्चरला मागचं चाक काढणं किचकट. आपल्याकडे बाभळीचे काटे आणि सराटे आहेत, तेव्हा याचा विचार करा. तीन गिअरच्या १६ इंची सायकली घडीला सुरेख. घाटासाठी घेऊ नका.

टायरच्या बाजूवर ४०६ हा आकडा बघा. लहान मुलांच्या २० × १.७५ सायकलींचं हेच माप असतं, त्यामुळे ट्यूब सोलापुरातही सहज मिळते. ४५१ किंवा ३४९ असेल तर ट्यूब शोधत फिराल. १.७५ पेक्षा बारीक टायर घेऊ नका, लहान चाक खड्ड्यात पटकन बसतं. हवा ५० ते ६० पीएसआय.

उतरताना लहान रिम लवकर तापते. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दाबा-सोडा, आणि पुढचा-मागचा आलटून पालटून वापरा.

सोलापूर सपाट आहे, त्यामुळे दुकानासमोर ५२ चं चेनव्हीलही झकास वाटतं. शक्य असेल तर तुळजापूरच्या घाटात बॅगेसकट चालवून बघा. खाली उतरलात की पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. बिजागरीतून टकटक आली तर लॅचचा (बिजागरी बंद करणाऱ्या कडीचा) छोटा बोल्ट पाव फेरा आवळा. लॅच बंद करताना तळहाताला चांगला जोर लागला पाहिजे. एका बोटानं बंद होत असेल तर तो सैल आहे.