मनोरे दिसले आणि गायब झाले

स्पेनमधली कामिनो, म्हणजे सांतियागोची पायी यात्रा. तिच्या शेवटी मोन्ते दो गोझोच्या टेकडीवरून सांतियागोच्या कॅथेड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात. सारिया गावापासून शंभराहून जास्त किलोमीटर तुडवून आलेल्या आमच्या घोळक्यात एकच कल्ला झाला. वारीत वेळापूरला धावा होतो, तसं धावत सुटावं असं मनात आलं खरं, पण पायांनी साफ नकार दिला.

टेकडी उतरलो आणि मनोरे गायब! पुढे चार-पाच किलोमीटर सिग्नल, बसथांबे, चारमजली इमारती. कामिनोची ही शेवटची वाट भलतीच रूक्ष आहे. जुनं शहर सुरू होतं ते पोर्ता दो कामिन्योपाशी. वेस कधीच गेली, नाव तेवढं राहिलंय. मग ग्रॅनाइटच्या ओल्या फरशा, अरुंद गल्ल्या, आणि आसिबेचेरिया. इथले कारागीर यात्रेकरूंसाठी जेटच्या काळ्या कुळकुळीत दगडात शिंपले कोरायचे. दागिन्यांची दुकानं अजून आहेत.

एव्हाना कॅथेड्रल अगदी शेजारी असतं, पण आपण असतो त्याच्या बाजूच्या अंगाला. पायऱ्या उतरून कमानीखालून गेलो. तिथे एक जण गाइता, म्हणजे इथल्या गॅलिशिया प्रांताची पिशवीवाली सनई, फुंकत होता. बाहेर पडल्यावर ओब्रादोइरो चौकात डावीकडे वळून मान वर केली, तेव्हा कुठे दर्शनी बाजू दिसली. चौकात माणसं सॅक उशाशी घेऊन सरळ फरशीवर आडवी झालेली. मीही बूट काढले.

ही नक्षीदार दर्शनी बाजू १७५० सालची. तिच्याआड माएस्त्रो मातेओ या मध्ययुगीन शिल्पकाराचा जुना दरवाजा आहे, पोर्तिको दे ला ग्लोरिया. त्याच्या तुळईवर ११८८ साल कोरलंय. पुढे नवी भिंत आली म्हणून तो ऊन-पावसातून वाचला. मधल्या खांबावर शतकानुशतकं यात्रेकरूंनी हात टेकले, तिथे पाच बोटांचे खळगे पडलेत. आता तिकीट काढून लांबूनच बघायचं. दगड टिकायला हवा हे पटतं, तरी हात शिवशिवतातच.

ती कसर वेदीवर भरून निघते. मागच्या अरुंद जिन्याने चढून संत याकोबाच्या, म्हणजे ज्याच्यासाठी ही यात्रा त्या येशूच्या शिष्याच्या, मूर्तीला पाठीमागून मिठी मारायची. पंढरीत पायांवर डोकं टेकायची सवय असलेल्या मला खांद्यावर हात टाकायची ही सलगी जरा धिटाईची वाटली. मारली मात्र घट्ट. थंडगार होती मूर्ती.

बोताफुमेइरो, म्हणजे आठ जणांनी दोर ओढून झुलवायचं ५३ किलोंचं धूपपात्र, रोज हलवत नाहीत. त्या दिवशी नव्हतंच. यात्रा चालून आल्याच्या प्रमाणपत्रासाठी मात्र रांग होती. वाटेत जमवलेले शिक्के तपासून लॅटिनमध्ये नाव लिहून देतात.

रात्री रुआ दो फ्रांकोवर जेवायला गेलो. सगळीकडे ऑक्टोपस. शाकाहाऱ्याला आधार पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्यांचा, वर जाडं मीठ. इथे म्हणतात, काही झोंबतात, काही नाही. माझ्या बशीतली एकही झोंबली नाही; शेजारच्या टेबलावरच्या जर्मन काकांनी मात्र पहिल्याच मिरचीला पाणी मागवलं.